बैठक : एका शब्दाचा आणि एका नृत्यप्रकाराचा इतिहास

१

मराठीत ‘बसणे’ हे क्रियापद सार्वत्रिक आहे. ‘बैठणे’ असे क्रियापद मराठी माणसाच्या बोलण्यात येत नाही. असे असूनही संस्कृत ‘उपविष्ट’ या रूपापासून प्राकृतद्वारा आलेले ‘बैठ’ हे अंग मराठीने सोडलेले नाही. बैठे घर, बैठे खेळ, बैठे काम या विशेषणरूपांत ते आढळते, आणि सर्वांत अधिक विस्तार पावले ते ‘बैठक’ या नामात. आखाड्यातील जोर-बैठका, ग्रंथाची तात्त्विक बैठक, समईची बैठक, कार्यकारिणीची बैठक, अभ्यासकाला लागणारी बैठक, बैठकीची खोली आणि गाण्याची बैठक, इतके अर्थ या एका शब्दाने वाहिले आहेत. शरीराची ठेवण, वस्तूचा आधार, घरातील जागा आणि त्या जागेत जमलेली मंडळी हे चारही अर्थ परस्परांना लागून आहेत.

हे चारही अर्थ ज्या एका कलाप्रकारात एकाच वेळी खरे ठरतात तो म्हणजे बैठकीची लावणी. एकटी स्त्री, घरातील एक खोली, मोजके प्रेक्षक, तबला-पेटीची साथ आणि बसून केलेले नृत्य, एवढीच तिची सामग्री. ‘बसून केलेले नृत्य’ हा शब्दप्रयोग प्रथमदर्शनी विसंगत वाटेल, कारण नृत्य म्हणजे पदन्यास हे समीकरण अलीकडे दृढ झाले आहे. बैठकीच्या लावणीत पाय बहुतांशी स्थिर राहतात. नाचतात ते डोळे, भिवया, मान, मनगट आणि बोटे. या प्रकाराला लावणीचा मंद किंवा अपुरा अवतार समजण्याची प्रवृत्ती अनेक लेखनांत दिसते. वस्तुतः त्याची सर्व वैशिष्ट्ये खोली या घटकातून निघालेली आहेत. आणि ती खोली कोणाच्या ताब्यात होती, यावर त्याचा आणि तो सादर करणाऱ्या स्त्रियांचा इतिहास घडलेला आहे. हा इतिहास दप्तरांत थोडा व शब्दांत अधिक टिकून राहिला आहे. म्हणून तो शब्दांच्या आधाराने पाहणे उपयुक्त ठरते.

२

जी गाते तीच नाचते, हा बैठकीच्या लावणीचा पहिला नियम होय. ही रीत महाराष्ट्रात बरीच जुनी आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने रचलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथाच्या नर्तनाध्यायात ‘गौण्डली’ नावाची एक पद्धती वर्णिली आहे. तिच्यात नर्तकी स्वतः गाते आणि स्वतःच नाचते. गाता न येणाऱ्या नर्तकीला तेथे ‘मूकगौण्डली’ असे वेगळे नाव आहे. म्हणजे गायन हे गौण्डलीचे लक्षण आणि मौन हा तिच्यातील अपवाद. त्याच शतकात काकतीयांचा सेनानी जय याने ‘नृत्तरत्नावली’त या नावाची कथा दिली आहे. कल्याणच्या भूतमातृ-महोत्सवात भिल्लिणीच्या वेषात गात नाचणारी एक स्त्री सोमेश्वर राजाने पाहिली, तिच्यावरून त्याने हा प्रकार सिद्ध केला, आणि महाराष्ट्रात भिल्लिणीला ‘गोंडिनी’ म्हणत असल्यामुळे त्याला ‘गोंडली’ हे नाव पडले, असे तो सांगतो.

या ‘गोंडली’शी आजच्या ‘गोंधळ’ या शब्दाचा संबंध अभ्यासकांनी जोडला आहे. ध्वनिदृष्ट्या ‘ड’चा ‘ध’ होणे हे नियमित परिवर्तन नव्हे. तेव्हा केवळ उच्चारसाम्यावर हा संबंध उभा करता येणार नाही. परंतु गाणे, नाचणे आणि कथन एकाच व्यक्तीने करावे हे तत्त्व दोहोंत समान आहे, आणि तेच येथे महत्त्वाचे आहे. देवगिरीचे हे तत्त्व मराठवाड्यात राजसभेपेक्षा घराच्या अंगणात अधिक काळ टिकले. हिंगोली जिल्ह्यातील पुसेगाव काय किंवा दुसरे कोणतेही गाव काय, या भागातील गृहस्थ सरदारांसारखा दिवाणखाना बाळगीत नव्हता. त्याच्या घरी नृत्य येई ते लग्नानंतरच्या गोंधळाच्या किंवा जागरणाच्या निमित्ताने. पाटावर चौक भरला जाई, कलश मांडला जाई, दिवटी पेटे. संबळ वा तुणतुणे वाजू लागे, आणि खंडोबाच्या जागरणात मुरळी हातातील घंटी वाजवीत, गात, त्या लहानशा मोकळ्या जागेत नाचे. प्रेक्षक म्हणजे घरचीच माणसे. नृत्य घरात येणे हे मराठी समाजाला अपरिचित नव्हते. मात्र ते कुलधर्माच्या आधाराने येत असे. दिवाणखान्यातील नृत्याला हा आधार नव्हता. दोहोंतील स्त्रीच्या प्रतिष्ठेचा पुढील सारा फरक येथून सुरू होतो. अर्थात मुरळीच्या वाट्यालाही देवाला वाहिलेपणामुळे निर्वेध गृहस्थजीवन आले नाही, हे विसरता येत नाही.

३

पेशवाईच्या कागदपत्रांत ‘नाटकशाळा’ हा शब्द वारंवार येतो. व्युत्पत्तीने तो एका वास्तूचे नाव आहे. परंतु मराठीत तो नाचणाऱ्या, आश्रित म्हणून ठेवलेल्या स्त्रीसाठी वापरला गेला. एखाद्या सरदाराच्या पदरी अमुक नाटकशाळा होत्या असे जेव्हा लिहिले जाते तेव्हा तेथे इमारतींची गणना नसून स्त्रियांची गणना असते. स्थानवाचक शब्द व्यक्तिवाचक होणे ही अर्थपरिवर्तनाची परिचित वाट आहे. परंतु येथे ती वाट एक सामाजिक वस्तुस्थिती उघड करते. स्त्री त्या जागेची इतकी मानली गेली की जागेचे नाव तिला पुरेसे ठरले.

लावणीच्या रचनेचा बहराचा काळ म्हणजे अठराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि एकोणिसाव्याचा आरंभ. अनंत फंदी, राम जोशी, परशराम, प्रभाकर, होनाजी बाळा आणि सगनभाऊ ही नावे या काळातील. ब्राह्मण, शिंपी, गवळी, मुसलमान अशा भिन्न समाजांतून आलेल्या या शाहिरांना दुसऱ्या बाजीरावाच्या काळात (१७९६–१८१८) पुण्यात मोठा आश्रय मिळाला. फडावरच्या तमाशात स्त्रीची भूमिका ‘नाच्या पोऱ्या’ म्हणजे स्त्रीवेषातील मुलगा करीत असे; तमाशाच्या फडावर स्त्री उभी राहिली ती पुष्कळ नंतर, पवळाबाई हिवरगावकर (१८७०–१९३९) यांच्यासारख्या कलावतींच्या काळात. दिवाणखान्यात मात्र आधीपासूनच स्त्री गात होती. एकाच लावणीवाङ्मयाचे दोन जागी दोन प्रकारे सादरीकरण होत होते: मैदानात ढोलकी, हलगी, उंच स्वर आणि पुरुषाचे सोंग, घरात तबला, सारंगी किंवा पुढील काळात पेटी, ठाय लय आणि प्रत्यक्ष स्त्री.

‘लावणी’ या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी तीन मते प्रचलित आहेत. कोणी तो ‘लावण्य’ शब्दाशी जोडतात, कोणी रोपांच्या लावणीशी, तर कोणी संस्कृत ‘लापनिका’शी. स्वरमध्यस्थ ‘प’चा ‘व’ होणे मराठीत नियमित आहे; ‘दीप’पासून ‘दिवा’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. त्यामुळे तिसरे मत ध्वनिदृष्ट्या सबळ ठरते. ‘लप्’ म्हणजे बोलणे. लावणी मुळात बोलण्याचा प्रकार होती असे मानले तर बैठकीचे अंग समजणे सोपे जाते, कारण बैठकीत लावणी समोरच्याशी बोलल्यासारखीच म्हटली जाते.

या रचनांच्या शेवटी शाहिराचे नाव गुंफलेले असते. त्या नाममुद्रेमुळे शाहिरांची कवने पुढे छापील संग्रहांत आली आणि त्यांची चरित्रे लिहिली गेली. ज्या स्त्रीने ती कवने वर्षानुवर्षे खोलीत जिवंत ठेवली तिचे नाव गुंफण्यासाठी कवनात जागा नव्हती.

४

बैठकीच्या लावणीचे अंतरंग ‘अदा’ या शब्दात आहे. हा शब्द फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आला. त्याचे दोन अर्थ आहेत: एक, देणे फेडणे, पूर्ण करणे, दुसरा, मोहक हावभाव. मराठीत ‘रक्कम अदा केली’ आणि ‘तिची अदा’ असे दोन्ही प्रयोग चालतात. बैठकीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. गायिका एक ओळ घेते. ती ओळ श्रोत्याचे एक देणे होऊन बसते, आणि प्रत्येक पुनरावृत्तीत निराळ्या हावभावाने ती ते थोडेथोडे फेडीत जाते.

प्रक्रिया अशी असते. गायिका पदर सावरून, एक गुडघा मोडून वा मांडी घालून बसते. प्रथम ओळ सुरांत स्थिर केली जाते. मग त्याच शब्दांवर एकेक अदा सुरू होते. ‘उशीर झाला’ एवढेच म्हणणारी एखादी नायिका कल्पावी. पहिल्या वेळी गायिकेची दृष्टी दाराकडे जाते. वाट पाहणे व्यक्त होते. दुसऱ्या वेळी तिची बोटे वात सारखी करतात. रात्र सरत आल्याचे कळते. तिसऱ्या वेळी ती बांगड्या नीट करीत, कोणाकडेही न पाहता तेच शब्द म्हणते. आता तो रुसवा असतो. चौथ्या वेळी समोर बसलेल्या एका प्रेक्षकाकडे ती अशी पाहते की उशीर त्यानेच केला असावा. शब्द बदलले नाहीत, सुरांत फार फरक नाही. अर्थ मात्र चार झाले. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर वाक्य एक राहते व उक्ती अनेक होतात.

या उदाहरणातील दार, दिवा आणि प्रेक्षक हे खोलीत खरोखर असतात. गायिकेला दार कल्पून दाखवावे लागत नाही. ती त्याच्याकडे पाहते. भिवईची हालचाल दिसण्यासाठी प्रेक्षक चार-सहा हातांवर असावा लागतो. कुजबुजीइतका उतरलेला स्वर ऐकू येण्यासाठी भिंती जवळ असाव्या लागतात. बसण्याची ठेवण ही देखील प्रेक्षकाच्या डोळ्याला डोळा भिडावा म्हणून आहे, कारण तोही गादीवर लोडाला टेकून बसलेला असतो.

अशी कला केवळ महाराष्ट्रात होती असे नाही. लखनौच्या कथकात ठुमरीवर बसून भाव दाखविण्याची रीत होती आणि बिंदादीन महाराजांचे नाव तिच्याशी निगडित आहे. दक्षिणेत टी. बालसरस्वती (१९१८–१९८४) पदम् गात असताना एका ओळीवर अभिनयाचा जो विस्तार करीत, तो याच जातीचा. बैठकीची लावणी या अखिल भारतीय कुळातील मराठी शाखा आहे. तिला फडाच्या लावणीचे उपांग ठरविणे म्हणजे तिचे कूळ चुकविणे होय.

५

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि वाड्यांतील दिवाणखाने हळूहळू ओसरले. कलावतीला आता स्वतःची जागा हवी होती. या काळातील अर्थपरिवर्तनाचा साक्षीदार म्हणजे ‘माडी’ हा शब्द. घराचा वरचा मजला, हा त्याचा साधा अर्थ. परंतु ‘माडीवर जाणे’ या प्रयोगाला नागर मराठीत निंदाव्यंजक अर्थ चिकटला. नाटकशाळेत स्त्री दुसऱ्याच्या घरात होती, तेव्हा शब्दाने तिला आश्रिताचे स्थान दिले. माडीवर ती स्वतःच्या घरात आली, तेव्हा शब्दाने तिला कलंक दिला. कला मात्र तीच होती.

विसाव्या शतकात या स्त्रियांची प्रमुख जागा ‘संगीतबारी’ ही झाली. ‘बारी’ म्हणजे पाळी. एका थिएटरात अनेक पार्ट्या वास्तव्य करतात, आपापल्या पाळीने मंचावर येतात, आणि रसिकाने मागणी केल्यास लगतच्या खोलीत स्वतंत्र बैठक होते. पुण्याचे आर्यभूषण थिएटर हे अशा जागांपैकी एक नामांकित नाव. मंचावर नाचाची गती असे. खोलीत अदेला अवसर मिळे. येथील आर्थिक व्यवहाराचा शब्दही अर्थपूर्ण आहे. गाणे चालू असता रसिकाने दिलेल्या पैशाला ‘दौलतजादा’ म्हणतात. ‘दौलत ज्यादा’, म्हणजे आपली संपत्ती वाढो, हा मुळात देणाऱ्याला दिलेला दुवा. तोच देण्याच्या क्रियेचे नाव झाला. घेणारीच्या तोंडचे शब्द देणाऱ्याच्या दानाला लागले आणि तिच्या श्रमाचे मोल औदार्याच्या सदरात जमा झाले.

या जीवनाची दुसरी बाजू झाकणे इतिहासाला शोभणारे नाही. संगीतबारीतील अनेक स्त्रिया कोल्हाटी व तत्सम समाजांतील असून नाचणारीने लग्न करावयाचे नाही, तिच्या मिळकतीवर भावांचे संसार चालावयाचे, असा तेथील दंडक होता. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या आत्मकथनात हे जीवन मुलाच्या बाजूने सांगितले आहे. त्यांनी आपल्या नावात आईचे नाव धारण केले, ही गोष्टच त्या पुस्तकाचा सारांश सांगते. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९० नंतरच्या आपल्या लेखनात लावणी करणाऱ्या स्त्रियांचे श्रम, जात आणि त्यांच्यावर झालेले वर्चस्व यांचा संबंध दाखवून या विषयाला नवी दिशा दिली. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांतात तमाशावर बंदी आली आणि नंतर सुधारणेच्या अटी घालून ती शिथिल झाली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला; त्यामुळे एकाच कलेला दोन राज्यांचे कायदे लागू होते. सुधारणेचा रोख शब्दांच्या अश्लीलतेवर होता. अदा शब्दांत नसते. तिच्याविषयी त्या चर्चेत बोलण्यासारखे कोणाजवळ काही नव्हते.

या परंपरेतील सर्वांत दीर्घायुषी नाव म्हणजे यमुनाबाई वाईकर. ३१ डिसेंबर १९१५ रोजी जन्मलेल्या यमुनाबाईंनी बसून गाणे आणि अदा यांचा मेळ अखेरपर्यंत सांभाळला. त्यांना १९७७ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला. १५ मे २०१८ रोजी वाई येथे त्यांचे निधन झाले. पंढरपूरच्या सत्यभामाबाई पंढरपूरकर यांचेही नाव बैठकीच्या गायकीत आदराने घेतले जाते. त्याच नगरीत पूर्वी रुक्मिणीमातेच्या सेवेकरी असलेल्या उत्पात घराण्यांत लावणीगायनाची प्रथा आहे, आणि ज्ञानोबा उत्पात यांनी लावणीचे जतन व अध्यापन केले. स्त्रियांची ही कला एका पुरोहित घराण्यातील पुरुषाने आपल्या अंगी बाणवावी, यावरून तिचे तंत्र जन्मजात हावभावांचे नसून शिकण्याचे व शिकविण्याचे शास्त्र आहे, हे सिद्ध होते.

६

चित्रपट आणि नाट्यगृह यांनी लावणीला मोठी लोकप्रियता दिली. ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) आणि ‘अमर भूपाळी’ (१९५१) या चित्रपटांनी शाहिरांना घराघरांत पोहोचविले. परंतु पडद्यावर व रंगमंचावर जी लावणी स्थिरावली ती प्रामुख्याने उभी, वेगवान आणि समूहाची होती. याचे कारण अभिरुचीच्या ऱ्हासात शोधण्याचे प्रयोजन नाही. ते अंतरात आहे. विसाव्या रांगेतील प्रेक्षकाला भिवई दिसत नाही, कंबर दिसते. उतरता स्वर ऐकू येत नाही, घुंगरू ऐकू येतात. जागा बदलली आणि जागेने नृत्य बदलले. ‘दार’ आता नेपथ्यात गेले, दिवा प्रकाशयोजनेत गेला, आणि ‘उशीर केलेला’ प्रेक्षक अंधारात बसला. मद्रासकडे १९३५ नंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी सादिर नृत्याला भरतनाट्यम् म्हणून नव्या रंगमंचावर आणले, तेव्हाही असेच स्थित्यंतर झाले. तेथे नृत्याला प्रतिष्ठा लाभली. ज्या घराण्यांनी ते सांभाळले त्यांतील स्त्रियांना तिचा वाटा फार थोडा मिळाला.

मराठीत या उपेक्षेची भरपाई करण्याचे काही प्रयत्न झाले आहेत. सावित्री मेधातुल आणि भूषण कोरगावकर यांचा ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट, तसेच कोरगावकर यांचे ‘संगीत बारी’ हे पुस्तक यांनी या स्त्रियांना नावानिशी वाचक-प्रेक्षकांसमोर आणले. त्याच नावाच्या रंगमंचीय प्रयोगात संगीतबारीतील कलावती स्वतः अदा सादर करतात. नाव सांगणे ही येथे लहान गोष्ट नाही. दोन शतके ज्या कलेत शेवटच्या ओळीत शाहिराचे नाव येत राहिले, तिच्यात सादर करणारीचे नाव उच्चारले जाणे हा इतिहासलेखनातील बदल आहे.

विद्यापीठीय अभ्यासापुढील काम यावरून स्पष्ट होते. लावण्यांच्या संहितांचे संपादन पुष्कळ झाले. पाठभेदांच्या चर्चाही झाल्या. परंतु पाठभेद नोंदविण्याची जी शिस्त आहे तीच अदाभेदांना लावली गेलेली नाही. एका ओळीवर कोणत्या कलावतीने कोणत्या अदा केल्या, त्यांचा क्रम काय होता, त्या तिला कोणाकडून मिळाल्या, आणि ती ज्या खोलीत बसली ती खोली केवढी होती, प्रेक्षक किती अंतरावर होते, याच्या नोंदी चित्रफितींच्या साहाय्याने आज करता येण्यासारख्या आहेत. पंढरपूर, वाई, पुणे आणि मराठवाड्यातील गावे येथील ज्या वृद्ध कलावतींनी खोलीतील बैठक अनुभवली आहे त्या हयात आहेत तोवरच हे काम होऊ शकते. अशा नोंदीच्या कागदावर लावणीचा आरंभशब्द, शाहिराचे नाव आणि त्यापुढे कलावतीचे नाव असे तीन रकाने असावेत. पहिले दोन रकाने छापील संग्रहांवरून भरता येतील. तिसरा भरण्यासाठी त्या स्त्रियांच्या घरी जाऊन बसावे लागेल.